‘अस्सल’ भाषा आणि चित्रपट-समीक्षा : चार मराठी चित्रपटांच्या निमित्ताने

१

नवा मराठी चित्रपट पाहून आलेल्या सुशिक्षित प्रेक्षकांत जी चर्चा होते, तिच्यात कथा, अभिनय आणि छायालेखन यांच्या जोडीने अलीकडे एका गुणाचा उल्लेख हटकून होतो. तो गुण म्हणजे भाषेचा अस्सलपणा. ‘फँड्री’ (२०१३), ‘कोर्ट’ (२०१४), ‘सैराट’ (२०१६) आणि ‘साबर बोंडं’ (२०२५) हे चार चित्रपट स्वभावाने एकमेकांपासून दूर आहेत. तथापि चौघांविषयीही ‘भाषा अगदी अस्सल आहे’ हा अभिप्राय ऐकावयास मिळतो. तो देणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे समाधान होते आणि चर्चा पुढच्या विषयाकडे वळते. वस्तुतः हा अभिप्राय जेथे थांबतो, तेथूनच समीक्षेस आरंभ व्हावयास हवा.

भाषा अस्सल आहे असे म्हणण्यासाठी म्हणणाऱ्याजवळ काही माप असावयास हवे. करमाळा तालुक्यातील बोली ज्याने कधी ऐकलेली नाही, कैकाडी भाषेचा एक शब्दही ज्यास ठाऊक नाही, असा प्रेक्षक पडद्यावरील बोलणे कशाशी ताडून पाहणार? त्याच्या मनात ‘खेड्यातले बोलणे असे असते’ अशी एक अपेक्षा असते. पडद्यावरील बोलणे त्या अपेक्षेशी जुळले, अथवा अपेक्षेहून थोडे अधिक अनोळखी वाटले, की त्यास तो अस्सल म्हणतो. म्हणजे हा निर्णय बोलीसंबंधीचा नसून ऐकणाऱ्याच्या परिचय-अपरिचयासंबंधीचा असतो.

दुसरी अडचण याहून मूलगामी आहे. भाषेतील कोणत्याही घटकाचे मूल्य त्याच्या ठिकाणी स्वतंत्रपणे नसते, ते इतर घटकांशी असलेल्या संबंधातून ठरते, हा विचार सोस्यूरपासून भाषाविज्ञानात रूढ आहे. चित्रपटातील बोलीसही तो लागू पडतो. एखादे पात्र बोली बोलते एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ते ती कोणासमोर बोलते, कोणासमोर सोडते, तिच्याशेजारी दुसरी कोणती भाषा उभी आहे आणि त्या दोहोंपैकी कोणती कोणाला गप्प करू शकते, हे पाहिल्यावाचून चित्रपटाच्या भाषेविषयी काही बोलता येत नाही. या चार चित्रपटांचे खरे यश बोलीच्या अचूकतेत नसून भाषांच्या या परस्परसंबंधांत आहे. त्यांचे दोषही तेथेच शोधावे लागतात.

२

तुलनेसाठी मागील परंपरेकडे एक दृष्टिक्षेप आवश्यक आहे. १९३२ मध्ये ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी चित्रपट बोलू लागला. त्याचे बोलणे रंगभूमीच्या वळणाचे होते आणि पौराणिक विषयास ते शोभतही होते. पुढे ग्रामीण विषयाचे आणि तमाशाप्रधान चित्रपट आले; १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ हा त्यांतील विशेष गाजलेला. या प्रवाहात जी ‘ग्रामीण भाषा’ घडली, तिची घटक-लक्षणे मोजकी होती. ‘आहे’च्या जागी ‘हाय’, ‘नाही’च्या जागी ‘न्हाई’, ‘ण’च्या जागी ‘न’, आणि अधूनमधून ‘लई’. वाक्यरचना मात्र बहुधा प्रमाणभाषेचीच राही. ही भाषा कोणत्याही एका तालुक्याची नव्हती. बोलणारा खेड्यातील आहे एवढी सूचना देणे हे तिचे कार्य होते आणि ते ती चोख बजावी.

या संकेतास सरसकट दोष देणे न्याय्य ठरणार नाही. वेंगुर्ल्यापासून गोंदियापर्यंतच्या प्रेक्षकास एकच चित्रपट कळावयाचा होता. शिवाय याच परंपरेत १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेलेला ‘सामना’ही आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात हिंदुराव धोंडे-पाटलांचे गावरान, खेळीमेळीचे बोलणे आणि मास्तरांचे नागर, चौकस बोलणे यांचा जो झगडा आहे, तोच चित्रपटाचा विषय आहे. तेव्हा भाषांच्या संबंधातून अर्थ घडविण्याची कल्पना अलीकडच्या दिग्दर्शकांनी प्रथमच काढली असे नव्हे. त्यांनी तिचे क्षेत्र मात्र पुष्कळ वाढविले आहे.

३

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चे नावच या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. शब्द कैकाडी भाषेतला. कैकाडी ही द्राविडी कुलातील, तमिळशी जवळचे नाते असलेली भाषा होय. कचरू माने याच्या घरात ती बोलली जाते. उंबरठ्याबाहेर गावाची मराठी सुरू होते. जब्या शाळेत जातो, मराठीत शिकतो, शालूवर मराठीतच मन जडवितो. त्यास गावाच्या भाषेत सामावून जावयाचे आहे आणि घरच्या व्यवसायापासून दूर व्हावयाचे आहे.

गावातील लोकांना कैकाडी येत नाही. ती शिकण्याचे त्यांस कारण पडत नाही. पण तिच्यातील एक शब्द त्यांनी नेमका उचलला आहे, आणि तो चिडविण्यासाठी. डुकराच्या पाठलागाच्या दीर्घ प्रसंगात बघ्यांच्या तोंडून हाच शब्द या कुटुंबावर फेकला जातो. दोन भाषा शेजारी नांदल्या की शब्दांची देवघेव होते, असे पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असते. ही देवघेव कोणत्या हेतूने होते, याचे इतके बोचरे उदाहरण पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडेल. घरात जो शब्द एका जनावराचे साधे नाव आहे, तोच उंबरठा ओलांडताच माणसाचे नाव होतो. ध्वनी तोच आणि रूपही तेच. मूल्य मात्र उलटलेले.

याच प्रसंगात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. डुक्कर हाताशी आलेले असताना सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. हा प्रसंग प्रेक्षकास हसवतो. पण भाषेच्या दृष्टीने तो गंभीर आहे. त्या मैदानात तीन भाषिक स्तर एकाच वेळी उपस्थित आहेत: घरची कैकाडी, गावाची मराठी आणि राष्ट्रगीताची संस्कृतप्रचुर पदावली. या तिसऱ्या स्तरातील शब्द त्या कुटुंबात कोणी रोजच्या व्यवहारात वापरीत नाही. तरी त्याची आज्ञा सर्वांत प्रथम पाळली जाते, आणि ती पाळण्याची किंमत ज्यांच्या हातून डुक्कर सुटले त्यांनाच मोजावी लागते. संवादात यावर एकही भाष्य नाही. भाष्य नसल्यामुळेच तो अर्थ ठळक होतो.

‘फँड्री’ची भाषा अस्सल आहे या अभिप्रायात हे काहीच येत नाही. कैकाडी संवादांचे उच्चार नेमके असोत वा नसोत, घर आणि गाव यांमधील भाषेची सीमारेषा कोठे आखली आहे यावर चित्रपटाचा सारा भार आहे.

४

‘सैराट’चा विचार करताना प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. प्रमाणभाषा म्हणजे सत्ता आणि बोली म्हणजे सत्तेपासून वंचित असलेल्यांची वाणी, हे समीकरण अलीकडच्या समीक्षेत फारच सहज वापरले जाते. ‘सैराट’मध्ये ते टिकत नाही. येथे पाटलाच्या घरातही बोलीच आहे आणि परश्याच्या घरातही बोलीच आहे. आर्ची आणि परश्या यांच्यामध्ये जातीची भिंत आहे, भाषेची नाही. उलट प्रमाण मराठी ज्याच्या मुखी आहे तो कोण? महाविद्यालयात साहित्याचा तास घेणारा नवा प्राध्यापक. पाटलाचा मुलगा प्रिन्स भर वर्गात त्याच्या थोबाडीत मारतो. त्या क्षणी प्रमाणभाषेची पुस्तकी प्रतिष्ठा आणि बोली बोलणाऱ्या घराण्याची प्रत्यक्ष सत्ता समोरासमोर येतात, आणि कोण कोणाला गप्प करतो याविषयी शंका उरत नाही. भाषेच्या अध्यापकांनी या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे. प्रतिष्ठा भाषेच्या अंगी नसते. बोलणाऱ्याच्या पाठीशी जे उभे असते त्याची ती सावली असते.

आर्चीची इंग्रजीविषयीची धमकी महाराष्ट्रभर गाजली. मराठीत सांगितलेले कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असे ती दरडावते. येथे इंग्रजी हे निवेदनाचे साधन नाही. वरची पायरी आपल्या हाती आहे एवढेच ती सांगते, आणि ते सांगण्याची मुभा तिला तिच्या घराण्याने दिली आहे. परश्याच्या बहिणीने हेच वाक्य गावातील कोणास ऐकविले असते, तर त्याचा अर्थ आणि परिणाम सर्वस्वी निराळा झाला असता. वाक्याचा अर्थ शब्दांत जेवढा, तेवढाच बोलण्याच्या अधिकारात असतो, हे समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

उत्तरार्धात दोघे हैदराबादेस पळून जातात आणि हा अधिकार एका रात्रीत संपतो. सभोवती तेलुगू आहे. जी मुलगी गावात सर्वांना बोलून नमवीत होती, तिला आता ऐकणारीची भूमिका घ्यावी लागते. त्यांची भाषा जाणणारी सुमनअक्का त्यांना आसरा देते. पुढे आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामास लागते आणि कामाच्या ओघात तेलुगू शिकते. एका भाषेतील सत्ता गमावून दुसऱ्या भाषेत कष्टाने मिळविलेली साधी बरोबरी, हा या भागाचा गाभा आहे. परंतु चित्रपट येथे घाई करतो. तेलुगू बोलणारी माणसे एक तर मदत करणारी, नाही तर भीती घालणारी, एवढ्याच रूपात येतात. नवी भाषा शिकताना होणारी चूक, फजिती आणि हळूहळू येणारा धीटपणा यांना पुरेसा अवकाश मिळत नाही. पूर्वार्धात बोलण्याच्या छटांकडे इतके बारीक लक्ष देणाऱ्या दिग्दर्शकाकडून ही उणीव अधिकच जाणवते.

‘सैराट’च्या यशानंतर बोलीस बाजारमूल्य आले. दूरचित्रवाणीवरील ‘तुझ्यात जीव रंगला’सारख्या मालिकेत कोल्हापुरी वळणाचे बोलणे हे भोळ्या, सरळ पैलवानाच्या चांगुलपणाची खूण ठरले, आणि त्याच्यासमोर शिक्षिका असलेली नायिका उभी राहिली. पूर्वीच्या चित्रपटांत बोली हसविण्यासाठी वापरली जाई, येथे ती निरागसतेचे प्रमाणपत्र म्हणून येते. दोन्ही ठिकाणी ती बोलणाऱ्यास एका गुणात बंदिस्त करते. उच्चार सुधारले म्हणून दृष्टी बदलली असे होत नाही.

५

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला आणि त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने चौघांत तो सर्वाधिक समृद्ध आहे. गटारात उतरून काम करणारा वासुदेव पवार मृत्यू पावतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गीताने त्यास आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप ठेवला जातो. म्हणजे खटला मुळातच एका भाषिक कृतीविषयी आहे. शब्दांनी कृती घडते काय, घडत असल्यास कोणत्या परिस्थितीत, आणि परिणामाची जबाबदारी बोलणाऱ्यावर कितपत येते, हे ऑस्टिनच्या विवेचनामुळे भाषातत्त्वज्ञानात प्रसिद्धी पावलेले प्रश्न मुंबईतील एका कनिष्ठ न्यायालयात, पंख्याखाली, तारखांमागून तारखा पडत चर्चिले जातात. उपरोध आणि आवेश यांनी भरलेल्या शाहिरी उक्तीचा न्यायालय शब्दशः अर्थ लावते. लाक्षणिक अर्थ ग्रहण करण्याची क्षमता तेथे कोणाजवळ नाही असे नव्हे. त्या जागेच्या कामकाजात तिला स्थानच नाही.

या कामकाजाची भाषिक यंत्रणा चित्रपटाने अत्यंत बारकाईने दाखविली आहे. साक्षीदार मराठीत अथवा हिंदीत बोलतो. न्यायाधीश सदावर्ते ते ऐकतात आणि लेखनिकास इंग्रजीत वाक्ये सांगतात. नोंद होते ती या इंग्रजी वाक्यांची. सरकारी वकील बाई कायद्यातील इंग्रजी कलमे एका सुरात, थांबा न घेता वाचीत जातात. त्या वाचनात समजून घेण्याचा अथवा समजावून देण्याचा हेतूच नसतो. बचावाचे वकील विनय व्होरा यांच्या घरची भाषा गुजराती, व्यवसायाची इंग्रजी. मराठी त्यांना सहज येत नाही. ज्याच्यावर खटला आहे तो शाहीर मराठीचा सर्वांत समर्थ वापर करणारा. आणि न्यायालयात सर्वांत कमी बोलावयास मिळते ते त्यालाच.

वासुदेव पवारच्या पत्नीची साक्ष हा या चित्रपटाचा मध्यबिंदू होय. ती प्रश्नापुरते उत्तर देते. नवरा कामावर जाताना दारू पीत असे, कारण दुर्गंधी सोसवत नसे. उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकी. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजे. हे सारे ती कोणताही आवाज न चढविता सांगते. एका माणसाने आयुष्यभर वापरलेली ही सुरक्षा-व्यवस्था. तिच्या सांगण्यातील प्रत्येक वाक्य न्यायाधीशांच्या तोंडून इंग्रजीत पुन्हा उच्चारले जाते. भाषांतर चुकीचे नसते. तरी मराठीत जे ऐकताना अंगावर काटा येतो, ते इंग्रजीत केवळ एक नोंद होऊन बसते. अन्याय भाषांतरातील चुकीतून होतो असा सर्वसाधारण समज आहे. येथे भाषांतर बरोबर असूनही काही तरी नाहीसे होते, आणि जे नाहीसे झाले त्याची नोंद करण्यास त्या कागदावर जागा नसते.

‘कोर्ट’मध्ये एक उणे स्थळ आहे. सरकारी वकील बाई कुटुंबासह एक मराठी नाटक पाहतात. परप्रांतीयाची टिंगल करणाऱ्या त्या नाटकास प्रेक्षागृह हसून दाद देते. प्रसंगाचा हेतू स्पष्ट आहे. किंबहुना तो फारच स्पष्ट आहे. अन्य प्रसंगांत प्रत्येक भाषिकास त्याची गुंतागुंत देणारा हा चित्रपट येथे मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यास एका व्यंगचित्रापुरते उरवितो. लोकलने घरी जाणारी, मुलाला घेऊन येणारी, स्वयंपाक करणारी जी स्त्री चित्रपटाने इतक्या समजुतीने दाखविली, तिच्यावर या नाटकामुळे एक सोपा शिक्का बसतो.

६

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटास २०२५ मध्ये सनडान्सच्या महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि तेथे त्याची बालमित्र बाल्याशी पुन्हा जवळीक होते. या चित्रपटाचे नावही नागर वाचकास सहज कळणारे नाही. साबर म्हणजे निवडुंग, आणि बोंडं ही त्याची फळे. ‘फँड्री’शी त्याची तुलना उद्बोधक आहे. दोन्ही शीर्षके प्रमाणभाषेबाहेरच्या शब्दांची. पण तेथे घरचा शब्द बाहेरचे लोक शिवी म्हणून परत फेकतात. येथे काटेरी झुडपाच्या गोड फळाचे गावठी नाव दोन माणसांमधील स्नेहाची खूण होते.

या चित्रपटापुढील भाषिक प्रश्न निराळा आहे. दोन पुरुषांमधील प्रेमास त्या गावाच्या व्यवहारात उच्चारण्याजोगा शब्द नाही. सुतकात मात्र शब्दांना तोटा नसतो. हे करावे, ते करू नये, असे सांगणारी भावकी सभोवती असते, आणि लग्न कधी, हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठावर असतो. विधी-निषेधांच्या आणि चौकशीच्या या अखंड बोलण्यात एका नात्यापुरता शब्द नाही, हे चित्रपटाने कोठेही न सांगता जाणवू दिले आहे. नाव नसलेल्या गोष्टीस नाव देण्याची घाई तो करीत नाही, आणि शहरातून आणलेली परिभाषाही पात्रांच्या तोंडी घालीत नाही. आनंद आणि बाल्या साधेच बोलतात: कामाचे, रानाचे, जुन्या दिवसांचे. ज्या भाषेत शब्द नाही त्याच भाषेत ते नाते राहू शकते, ही या संयमाची फलश्रुती होय. आनंदाचा चरितार्थ आवाजावर चालतो, ही वस्तुस्थिती मात्र गावातील दहा दिवसांवरच भर दिल्यामुळे काहीशी मागे राहते.

७

पहिल्या तिन्ही चित्रपटांचे शेवट एकत्र ठेवून पाहिले असता एक साम्य आढळते. ‘फँड्री’ जब्याने भिरकावलेल्या दगडाने संपतो. ‘सैराट’मध्ये माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो, नात्यातील सौजन्याचे बोलणे होते, आणि त्यानंतर सर्व ध्वनी थांबून रक्ताळलेल्या पावलांनी चालणारे मूल तेवढे दिसते. ‘कोर्ट’मध्ये उन्हाळ्याच्या सुटीसाठी न्यायालयातील दिवे मालवले जातात आणि सहलीस गेलेले न्यायाधीश बाकावर झोपी जातात, मुले ओरडून त्यांना उठवितात, तेव्हा उत्तर मिळते ते चपराकीचे. तिन्ही ठिकाणी भाषा जेथे हरते तेथे चित्रपट संपतो. पण ही हार जाणवते ती आधीच्या बोलण्यामुळे. कोण कोणाशी कसे बोलत होते हे ज्याने ऐकले नाही, त्याच्या दृष्टीने शेवटची शांतता ही केवळ एक तांत्रिक युक्ती ठरेल.

म्हणून चित्रपटाविषयीच्या चर्चेत भाषेचा विषय निघाला असता काही प्रश्न विचारावयास हवेत. या चित्रपटात किती भाषा अथवा भाषास्तर आहेत? एकातून दुसऱ्यात कोण जातो, आणि कोणास जावेच लागते? कोणाचे बोलणे लिहून ठेवले जाते, कोणाचे हसण्यावारी नेले जाते, कोणाचे ऐकलेच जात नाही? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी करमाळ्याची बोली वा कैकाडी भाषा अवगत असण्याची आवश्यकता नाही. लक्षपूर्वक ऐकण्याची मात्र आहे. ‘अस्सल’ हा शब्द उच्चारून जो प्रेक्षक समाधान पावतो, तो पडद्यावरील माणसांना पुन्हा एकदा केवळ नमुने करून सोडतो. पवारबाईंच्या साक्षीतील मराठी अस्सल आहे एवढेच म्हणून थांबणारा समीक्षक न्यायाधीशांच्या लेखनिकाहून फारसा निराळा नव्हे. त्यानेही ती साक्ष बरोबर उतरून घेतलेली असते.